पत्र्यापलीकडचा ओहमचा नियम

माझं लग्न भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात झालं. बी.एस्सी.चा निकाल लागायचा होता. वडील मुदखेडला रेल्वेत होते आणि मी तिथून रोज गाडीनं नांदेडला कॉलेजला जायचे. फिजिक्स हा माझा विषय होता, आणि त्यातही वीज. स्थळ लातूरचं आलं, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणारा मुलगा. पाहायला आले तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. "प्रॅक्टिकलला काय आवडायचं?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, "मीटर ब्रिज." ते हसले. त्या हसण्यावर मी लग्नाला तयार झाले, असं म्हटलं तरी चालेल.

लातूरला आले तेव्हा रिक्षा एका पक्क्या घरासमोर थांबली. स्लॅबचं घर होतं, तीन खोल्यांचं, बाहेरून नुकताच रंग दिलेलं. मी उंबऱ्याकडे वळले तर सासूबाईंनी माझा दंड धरला आणि घराच्या बाजूनं मागं नेलं. मागं अंगणात पत्र्याचं लांबलचक शेड होतं. माप तिथल्या दारात मांडलेलं होतं.

"आपण हितं ऱ्हातो," त्या म्हणाल्या. "आत नुसतं सामान हाय."

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणत, मीही तेच म्हणू लागले. त्या तेव्हा पन्नाशीच्या असतील. अंगानं सडपातळ, बोलणं कमी, आणि डोळे सारखे कुणाला तरी शोधत असल्यासारखे. भूकंपात त्या घराला एक तडाही गेला नव्हता. लातूर शहरात तसं फार पडलं नव्हतं, पडली ती किल्लारीकडची गावं. पण त्यातल्याच एका गावात आत्याबाईंचं माहेर होतं, आणि गणपतीसाठी त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे माझी नणंद, तिथं मामाकडे गेली होती. बारावीत होती ती. पहाटे दगडमातीच्या जड माळवदाखाली सगळं घर गेलं.

हे मला यांनी सांगितलं, लग्नानंतर काही दिवसांनी. "आई दोनदा नको म्हणाली होती," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा ती लई मागं लागली तेव्हा जा म्हणाली. आई तेवढंच धरून बसलीय. मी जा म्हणाले, असं."

मला सगळं समजल्यासारखं वाटलं. दुःख आहे, हळूहळू कमी होईल, असं मी मनाशी म्हटलं. बावीस वर्षांच्या मुलीला दुसऱ्याच्या दुःखाबद्दल असंच वाटतं.

आत्याबाईंचा नियम साधा होता. घरातलं माणूस नजरेआड जायचं नाही. मुलाला नोकरीवर जाण्यावाचून इलाज नव्हता, तो गेला की त्या फाटकात उभ्या राहत आणि तो परत येईपर्यंत त्यांना घास जात नसे. मला मात्र कुठं जायचं नव्हतं. मी न्हाणीत गेले तरी थोड्या वेळानं बाहेरून आवाज येई, "हाय का गं?" आतून "हाय" म्हणावं लागे. कपडे वाळत घालायला शेडच्या मागं गेले की "हाय का गं?" पुस्तक घेऊन बसले आणि पान उलटल्याचा आवाज आला नाही, तरी तेच. सुरुवातीला मी "आहे" म्हणायचे, मुदखेडच्या शाळामास्तरांनी शिकवलं तसं. वर्षभरात माझ्याही तोंडून "हाय" येऊ लागलं.

पहिल्या दिवाळीला वडील न्यायला आले. पिशवी भरून झाली होती. फाटकापाशी आत्याबाईंनी माझा हात धरला आणि तो सोडेनात. त्यांचा हात थंड पडत गेला, मग त्या तिथंच खाली बसल्या. घाम फुटला होता. वडिलांनी पाणी आणलं, त्यांना वारा घातला आणि माझी पिशवी परत शेडमध्ये नेऊन ठेवली.

"राहू दे बाई," ते म्हणाले. "थोड्या दिवसांचं आहे."

मी फाटकात उभी राहून त्यांना जाताना पाहिलं. आत्याबाई रागावल्या असत्या, भांडल्या असत्या, तर मी भांडून गेले असते. पण त्या माणसाशी भांडायचं कशावरून, हेच कळत नव्हतं.

त्याच सुमारास लातूरला क्लासचं वारं सुटलं. बोर्डात पोरं झळकायला लागली तसं चाकूर, अहमदपूर, कंधार, कुठनं कुठनं आईबाप मुलांना घेऊन येऊ लागले. गल्लीत ज्याच्याकडे जास्तीची खोली, त्यानं ती पोरांना भाड्यानं दिली. हे संध्याकाळी एका क्लासला शिकवायला जात. ते परत येत तोवर आत्याबाई रस्त्यावर उभ्या. शेवटी यांनीच तोड काढली. शेडच्या मधोमध पत्रा ठोकला. पुढच्या अर्ध्या भागात फळा आणि बाकं, मागच्या अर्ध्यात आम्ही. क्लास घरीच सुरू झाला. आत्याबाईंना मुलगा सकाळ-संध्याकाळ ऐकू येऊ लागला आणि त्या दोन घास जास्त जेवू लागल्या.

मलाही ते ऐकू येऊ लागले. मी स्टोव्हपाशी बसलेली, आणि पत्र्याच्या पलीकडे ओहमचा नियम चाललेला. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. सकाळी एका बॅचला, संध्याकाळी दुसऱ्या बॅचला, तेच शब्द, तेच विनोद. एप्रिलमध्ये पत्रा इतका तापायचा की पाठ टेकवता येत नसे. पीठ मळताना मी त्यांच्या आधीच उत्तर मनात काढलेलं असे. कधी कधी ते उदाहरण अर्धवट सोडून पुढं जात आणि मला दिवसभर चुटपुट लागून राहायची.

एकदा त्यांनी दोन बल्बांचं गणित घातलं. एक साठ वॉटचा, एक शंभरचा, दोन्ही एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले. जास्त उजेड कोणाचा? मुलं ओरडली, "शंभरचा." आणि हे घाईत होते की काय कोण जाणे, म्हणाले, "बरोबर. जास्त वॉट, जास्त उजेड. पुढं."

ते जेवायला बसले तेव्हा मी सांगितलं, "सिरीजमध्ये साठचा जास्त उजळेल."

त्यांचा हात थांबला. "कसं काय?"

"साठच्या बल्बमधून दोनशे वीस व्होल्टला पाव ॲम्पिअरच्या थोडा वर करंट जातो. भागाकार केला की रेझिस्टन्स आठशे ओहमच्या वर. शंभरच्यातून दीडपटीच्या वर करंट, म्हणून त्याचा रेझिस्टन्स पाचशेच्या आत. सिरीजमध्ये करंट दोघांतून सारखाच. मग ज्याचा रेझिस्टन्स जास्त, तो जास्त पॉवर घेणार."

"मी काय म्हणालो?"

"शंभरचा म्हणालात."

ते ताट तसंच ठेवून उठले. मला वाटलं रागावले. थोड्या वेळानं सायकलवरून दोन होल्डर, वायर आणि शंभरचा बल्ब घेऊन आले. साठचा आमच्याच डोक्यावरचा काढला. जमिनीवर बसून जोडणी केली आणि प्लग लावला. साठचा पिवळा पेटला. शंभरच्या पोटातली तार नुसती तांबूस झाली. आत्याबाई चुलीपासून उठून बघायला आल्या.

"थोरला का रं असा मलूल?" त्यांनी विचारलं.

"थोरल्याला वाट मोकळी हाय आई, म्हणून त्याच्या वाट्याला कमी येतंय," हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या मी पोरांना परत सांगतो."

त्यांनी सांगितलं. पत्र्यापलीकडून मी ऐकलं. "काल माझं चुकलं," असं ते स्वच्छ म्हणाले. चूक कुणी दाखवून दिली, हे मात्र म्हणाले नाहीत.

त्यानंतर गणितं मी करू लागले. त्यांनीच सांगितलं, "तू प्रश्न काढून देत जा, मला वेळ होत नाही." मी माझ्या आजूबाजूचं घातलं. संध्याकाळी लातूरला व्होल्टेज पडायचं, बल्ब कंदिलासारखा व्हायचा. मग गणित आलं: दोनशे वीसचे एकशे साठ व्होल्ट झाले तर साठ वॉटचा बल्ब किती वॉटचा उरेल? निम्मा, जेमतेम. कारण व्होल्टेज पडलं की करंटही पडतो आणि गुणाकारात दोन्हीकडून मार बसतो. इस्त्री, गिरणीची मोटर, न्हाणीतली हीटरची रॉड, सगळ्यांची गणितं झाली. मुलं त्यांना घरगुती गणितं म्हणायची. बाहेरच्या क्लासची मुलंही ती उतरवून नेत. हे कॉलेजातून आले की कौतुकानं सांगत. मला आनंद व्हायचा आणि तो आनंद कुठं ठेवावा हे कळायचं नाही. स्टोव्ह, पीठ, पत्रा आणि मी, एवढीच जागा होती.

मुदखेडला मी एकदा गेले. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. हे म्हणाले, "आई, हिला जाऊ दे." आत्याबाई म्हणाल्या, "जाऊ दे की. मी बी येते." भूकंपानंतर त्या पहिल्यांदाच लातूरच्या बाहेर पडल्या. एस.टी.त माझा पदर मुठीत धरून बसल्या होत्या.

वडिलांचं क्वार्टर रुळांच्या अगदी कडेला होतं. मालगाडी गेली की भिंतीवरचे फोटो थरथरत. आमचं लहानपण त्या थरथरीत गेलं, आम्हाला ती जाणवायचीही नाही. दुपारी मी वडिलांना चमच्यानं पेज भरवत होते आणि गाडी आली. जमीन हलली. आत्याबाईंनी किंकाळी फोडली नाही, काही नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि अशा ताकदीनं बाहेर ओढलं की पेज सगळी अंथरुणावर सांडली. अंगणात आल्यावर त्या मला पोटाशी धरून उभ्या राहिल्या. गाडी जाऊन बराच वेळ झाला तरी सोडेनात. आत वडील एकटे, ओल्या अंथरुणावर.

"आत्याबाई, गाडी होती," मी म्हणत होते. "रेल्वे हाय ती."

"आत जाऊ नको," त्या म्हणत होत्या. "पाया पडते, आत जाऊ नको."

रात्री त्या अंगणातच बसून राहिल्या आणि मला जवळ बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही परत आलो. वडील त्या पावसाळ्यात गेले. मी त्यांच्याजवळ एक दुपारही नीट बसले नाही. मुदखेडहून त्या दिवशी परतताना अहमदपूरच्या स्टँडवर आत्याबाईंनी मला केळी घेऊन दिली. मी ती खिडकीतून फेकली. त्यांनी पाहिलं आणि मान वळवली.

पुढं क्लास इतका वाढला की शेडच्या बाजूचे पत्रे काढून मुलं अंगणात बसू लागली. माईक नव्हता. हे सकाळपासून ओरडून शिकवत. एके वर्षी, बोर्डाच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असताना, त्यांचा आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग नुसती हवा. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की आता बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल.

घरी येऊन ते खाटेवर बसले. मी म्हणाले, "मी शिकवू का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायला आवाज नव्हता, हो म्हणायलाही नव्हता. ते आईकडे बघू लागले. आत्याबाई तूर निवडत होत्या.

"कुटं शिकवणार?"

"इथंच. पत्र्याच्या पलीकडं."

"मग शिकव की. मी बसते मागं."

आणि त्या खरंच बसल्या. शेवटच्या बाकाच्या मागं, भिंतीला टेकून, मांडीवर सूप. पहिल्या दिवशी मी फळ्यापाशी उभी राहिले. इतकी वर्षं पत्र्याच्या या बाजूला मी कधी आले नव्हते, झाडायला सोडून. मुलांच्या तोंडांकडे बघवेना. पुढच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "मॅडम, सर कधी येणार?"

"महिनाभर तरी नाही," मी म्हणाले. "तोवर मी आहे. तुम्हाला न येणारं एक गणित सांगा, मी सोडवते."

सगळे खाली वह्यांत बघू लागले. मग मीच विचारलं, "संध्याकाळी तुमच्या खोलीतला बल्ब बारीक होतो का?"

"होतो," सगळे म्हणाले.

"मग त्याच्यावर साठ वॉट लिहिलंय ते खोटं का?"

यावर मात्र पोरं बोलू लागली. कुणी म्हणे खोटं, कुणी म्हणे कंपनीची चूक. एक चष्म्याची मुलगी म्हणाली, "मॅडम, साठ वॉट हे त्याचं वजन नाही. दोनशे वीस मिळाले तर साठ. नाही मिळाले तर नाही." मी खडू उचलला. मग फळ्यावर व्होल्टेज लिहिलं, करंट लिहिला, भागाकार केला, गुणाकार केला. तास संपल्याचं मला कळलं नाही. मागून सुपाचा आवाज येत होता तेवढा.

तो महिना मी जगले. दुसरा शब्द मला सापडत नाही. सकाळी उठल्याबरोबर आज कुठून सुरुवात करायची हे मनात यायचं. मुलं शंका घेऊन अंगणात थांबायची. आत्याबाईंनी त्या महिन्यात मला एकदाही हाक मारली नाही. मारायची गरजच नव्हती, मी समोर होते.

मग यांचा आवाज परत आला. पहिल्यासारखा नाही, पण आला. एके सकाळी मी हात पुसून, खडू घेऊन पलीकडे गेले तर ते आधीच फळ्यापाशी उभे होते.

"झालं तुझं काम," ते हळू आवाजात म्हणाले. "लई केलंस. आता आराम कर."

त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला. प्रेमानंच घेतला. मी मागच्या दारानं आत आले आणि स्टोव्हपाशी बसले. पत्र्यापलीकडून मुलांनी विचारलेलं ऐकू आलं, "सर, मॅडम नाही येणार?" हे काय म्हणाले ते ऐकायला नको म्हणून मी स्टोव्हला जोरात पंप मारला.

त्याआधीची वर्षं मी कोंडलेली होते, पण मला ते पुरतं माहीत नव्हतं. आता माहीत झालं. पत्रा तोच होता, पण आता मला पलीकडली जागा माहीत होती. गणितं काढून देणं मी बंद केलं. त्यांनी एकदा विचारलं, मी म्हणाले, "सुचत नाहीत." त्यांनी परत विचारलं नाही.

पुढच्या वर्षी यांनी आणखी दोघा शिक्षकांबरोबर मोठ्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीचा तिसरा मजला घेतला. आत्याबाई आडव्या पडल्या, दोन दिवस पाणी घेतलं नाही. यांनी त्यांच्या उशाशी बसून सांगितलं, "आई, मला इथं पुरत नाही आता. श्वास कोंडतो." आणि ते गेले. त्यांचा श्वास कोंडतो हे त्यांना म्हणता आलं, ते म्हणून जाता आलं. मी दारात उभी राहून ऐकत होते. रागानं माझे कान गरम झाले होते.

शेड रिकामं झालं. बाकं राहिली, फळा राहिला. मधला पत्रा काढायला कुणी आलं नाही. आम्हाला मूल झालं नाही, त्याबद्दल इथं लिहायचं नाही. दिवसभर मी आणि आत्याबाई. त्या दर थोड्या वेळानं हाक मारत आणि मी उत्तर देई. काही वेळा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. मग त्यांच्या चपला न घालताच धावत आलेल्या पावलांचा आवाज येई, आणि मला बघून त्या काही न बोलता परत जात.

एका संध्याकाळी गल्लीतल्या दोन मुली आल्या. यांच्या क्लासला आता दहावीचे टक्के बघून प्रवेश होता आणि त्यांना मिळाला नव्हता. त्यांच्या आया सोबत आल्या होत्या. "तुम्ही शिकवत होता म्हणे," त्या म्हणाल्या. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या सूप शोधायला उठल्या होत्या.

दोनाच्या सहा मुली झाल्या, मग शेड भरलं. दोन वर्षांनी निकाल चांगला लागला, तेव्हा हे घरी पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "तू तिकडे ये. वीज तुझ्याइतकं नीट कुणी शिकवत नाही. मी सगळ्यांना सांगितलंय." आवाज त्यांचा अजून चिरका होता. मला आत कुठंतरी फार बरं वाटलं. मी आत्याबाईंना विचारलं. वाटलं होतं त्या खाली बसतील. त्या म्हणाल्या, "जा."

तोंड पांढरं पडलं होतं, पण म्हणाल्या. लेकीला म्हटल्यापासून तो शब्द त्यांनी पुन्हा कधी उच्चारला नव्हता, हे मला आणि यांना दोघांनाही माहीत होतं.

तिसऱ्या मजल्यावर माईक होता, पंखे होते, दीडशेच्या वर मुलं होती. जिना मी कठडा धरून चढले. इतक्या वर्षांत स्लॅबखाली बसायची सवय राहिली नव्हती. वर्गात शिरल्यावर मी आधी दार कुठं आहे ते पाहिलं. तरी शिकवलं. व्होल्टेज आणि करंट मोजून रेझिस्टन्स कसा काढायचा, तिथून पॉवर कशी. बोलता बोलता खिडकीपाशी आले आणि खाली बघितलं.

समोरच्या फुटपाथवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर आत्याबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, भर उन्हात. मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघत होत्या. ओठ हलत होते. मला ऐकू येत नव्हतं, पण त्या काय म्हणत असतील ते माहीत होतं.

तास संपवून खाली आले. "कशाला आलात, आत्याबाई?"

"घरी ऱ्हाऊन बघितलं," त्या म्हणाल्या. "जमंना. तू शिकव की. मी काय बोलले का?"

त्या रोज आल्या. रिक्षानं येत आणि त्या पायरीवर बसत. ऊन वाढत गेलं. दुकानदारानं स्टूल दिलं, मुलं त्यांना पाणी नेऊन देऊ लागली. एके दुपारी त्या चक्कर येऊन पडल्या आणि कपाळाला खोक पडली. टाके घालताना त्यांनी माझा हात धरला होता. दुसऱ्या दिवशी मी यांना सांगितलं की मी येणार नाही.

"तिच्यामुळं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. आजही मला सांगता येत नाही की मी दया केली, की मलाच तो तिसरा मजला पेलवला नाही, की इतक्या वर्षांनी माझी मापंच त्या शेडएवढी झाली होती.

मी शेडमध्ये शिकवत राहिले. बऱ्याच मुली शिकून गेल्या. आत्याबाई थकल्या, मग अंथरुणाला खिळल्या. त्यांची खाट आम्ही फळ्याच्या बाजूलाच टाकली. शेवटच्या हिवाळ्यात एकदा मी त्यांचे पाय चेपत होते. त्या डोळे मिटून होत्या. मग म्हणाल्या, "मी तुला लई डांबून ठेवलं का गं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते.

"हो, आत्याबाई."

त्यांनी डोळे उघडले. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. "ठेवलं," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काय सुचतच न्हवतं. तुजा बाप गेला तवा मला कळत होतं. कळत होतं पन हात सुटत न्हवता."

मी पाय चेपत राहिले. मुदखेडच्या त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. मी माफ केलं असं मी म्हणाले नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मी त्यांच्याजवळ, काही काम नसताना, नुसती बसले.

त्या गेल्यावर मी बी.एड. केलं. वर्गातल्या मुली मला मावशी म्हणायच्या. चाकूरच्या एका शाळेत मला विज्ञान शिकवायचं काम मिळालं. हे म्हणाले, "रोज जाणं-येणं झेपेल?" मी म्हणाले, "बघते." पहिल्याच आठवड्यात प्रयोगाच्या वेळी एका गटानं ॲमीटर सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावला आणि काटा पार टोकाला जाऊन अडकला. सगळ्यांचे चेहरे उतरले. मी खोकं उघडून दुसरा मीटर दिला आणि विचारलं, "असं का झालं, सांगा बरं." त्यांनी विचार करायला वेळ घेतला. मी घाई केली नाही. परतीच्या एस.टी.ला अजून बराच अवकाश होता, आणि ती चुकली असती तर मागून दुसरी होती.